उशिरा कळलेली बुरशी

सन २०२१ चा मे महिना वाचकांना स्मरत असेल. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून जी माणसे प्राणवायूच्या आधाराने कशीबशी परत आली होती, त्यांच्यापैकी हजारोंच्या नाकात, डोळ्यांत, जबड्यात एक बुरशी शिरली. वृत्तपत्रांनी तिला ‘काळी बुरशी’ म्हटले. वैद्यकाच्या भाषेत तो म्युकरमायकोसिस. अँफोटेरिसिन-बी या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन वणवण फिरत होते. केंद्र शासनाने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करावयास सांगितले आणि १२ जून रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने त्या औषधावरील कर शून्यावर आणला. औषधाच्या तुटवड्यावर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. पण औषध कोणाला द्यावयाचे हे ज्यावरून ठरते, त्या निदानाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

डोळा सुजला, टाळू काळवंडली, की रोग दिसतो. फुफ्फुसात शिरलेली बुरशी दिसत नाही. ताप उतरत नाही, खोकला थांबत नाही, क्ष-किरण चित्रात एक अस्पष्ट डाग येतो. तो न्यूमोनियाचा असेल, क्षयाचा असेल, आणखी कशाचा असेल. प्रतिजैविके बदलली जातात. एक आठवडा जातो, दुसरा जातो. पुष्कळदा बुरशीचे नाव प्रथम उच्चारले जाते तेव्हा रोगी अतिदक्षता विभागात असतो, आणि कित्येकदा ते उच्चारलेच जात नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘श्वसनक्रिया बंद पडणे’ एवढेच उरते.

या रोगांना बळी पडणारा माणूस कोण, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ॲस्परजिलस नावाची बुरशी कोठे नसते? कुजलेल्या पाल्यात, धान्याच्या कोठारात, ओल धरलेल्या भिंतीत, रुग्णालयाच्या आवारातच चाललेल्या बांधकामाच्या धुळीत ती असते. तिचे बीजाणू आपण सारे रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपले शरीर त्यांचा निकाल लावते. ज्यांचे शरीर तसे करू शकत नाही, त्यांच्यावर ती उलटते. रक्ताच्या कर्करोगावरील रसायनोपचारांनी ज्याच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत असा तरुण, दुसऱ्याचे मूत्रपिंड वा अस्थिमज्जा स्वीकारलेला रोगी, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी बाई, एचआयव्हीची बाधा उशिरा कळलेला स्थलांतरित मजूर, ही ती माणसे. एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. यांतील बहुतेकांना आधुनिक वैद्यकानेच वाचविलेले असते. रोपण केले, कर्करोग आटोक्यात आणला, आणि मग पुढच्या धोक्यापाशी त्यांना एकटे सोडले, असा हा प्रकार आहे.

हा धोका किरकोळ नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार बुरशीजन्य रोगांशी निगडित मृत्यू जगभरात वर्षाला सुमारे ३८ लाख असून त्यांपैकी सुमारे २५ लाख मृत्यू थेट त्या रोगांमुळेच होतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधान्याने लक्ष द्यावयाच्या १९ बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. तीत ॲस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वांत वरच्या, म्हणजे ‘अतिगंभीर’ गटात स्थान आहे. म्युकर वर्ग त्याच्या खालच्या गटात आहे. ‘प्रथमच’ हा शब्द पुरेसा बोलका आहे. जंतूंची आणि विषाणूंची दखल घेऊन झाल्यावर बुरशीची पाळी २०२२ साली आली.

जुन्या पद्धतीने निदान कसे होते? थुंकी किंवा फुफ्फुस धुऊन काढलेला द्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, तो पोषक द्रव्यावर ठेवून बुरशी उगवते का याची वाट पाहावयाची. ती उगवण्यास दिवस लागतात, आणि रोग असूनही पुष्कळदा ती उगवतच नाही. फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासणे हा खात्रीचा मार्ग. पण ज्याच्या रक्तातील बिंबाणू घटलेले आहेत त्याला सुई टोचणे म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. सीटी स्कॅनमध्ये डागाभोवती एक फिकट वलय दिसते, तेही काही दिवसच. बुरशीच्या भिंतीतील गॅलॅक्टोमॅनन हा घटक रक्तात शोधण्याची चाचणी हे मोठे पाऊल होते, परंतु म्युकरच्या बाबतीत ती निरुपयोगी ठरते. मग डॉक्टर काय करतो? अंदाजाने औषध सुरू करतो. पैसेवाल्याला मूत्रपिंडास त्यामानाने सौम्य असे लायपोसोमल अँफोटेरिसिन मिळते. गरिबाला जुने, स्वस्त, मूत्रपिंड पोळणारे अँफोटेरिसिन मिळते, किंवा काहीच मिळत नाही. आणि अंदाज चुकला तर? ॲस्परजिलसवर गुणकारी असलेले व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. दोन्ही बुरशी फुफ्फुसात जवळपास सारखीच चिन्हे दाखवितात. अमेरिकेतील एका कर्करोग रुग्णालयाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. रक्ताचे कर्करोग असलेल्या म्युकरच्या रोग्यांमध्ये योग्य औषधास सहा दिवस वा अधिक विलंब झाला, तेव्हा बारा आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवरून सुमारे ८३ टक्क्यांवर गेलेले त्यात आढळले. सहा दिवस! आपल्याकडे जिल्ह्याच्या गावाहून मुंबईला नमुना पाठवून उत्तर हाती यावयास किती दिवस लागतात, याचा हिशेब प्रत्येक वाचकाने स्वतःच करावा.

रेणवीय चाचणी नेमकी येथे उपयोगी पडते. बुरशीच्या प्रत्येक पेशीत तिचा असा विशिष्ट जनुकीय मजकूर असतो. रक्तात वा फुफ्फुसातील द्रावात त्या मजकुराचे काही तुकडे जरी तरंगत असले, तरी पॉलिमरेज चेन रिॲक्शन, म्हणजे पीसीआर या क्रियेने त्यांच्या कोट्यवधी प्रती काढता येतात आणि मग ते ओळखता येतात. बुरशी जिवंत असण्याची गरज नाही, ती उगवण्याची वाट पाहावी लागत नाही. उत्तर काही तासांत येते. म्युकरच्या बाबतीत फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिले, की रक्तातील चाचणी रूढ पद्धतींच्या कित्येक दिवस आधी रोगाची वर्दी देऊ शकते.

तथापि हे यंत्र देववाणी बोलत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ॲस्परजिलसच्या रक्तातील पीसीआरविषयी उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. एकच चाचणी विधायक आली तर रोग असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सापडतात, पण रोग नसलेल्यांपैकी सुमारे २० टक्क्यांवरही उगाच शिक्का बसतो. लागोपाठ दोन चाचण्या विधायक असल्या पाहिजेत अशी अट घातली, तर खोटा शिक्का पाच टक्क्यांवर येतो. मात्र खरे रोगीही सुमारे ६० टक्केच सापडतात. म्हणजे चाचणीचा खरा उपयोग असा: नकारार्थी उत्तरे येत राहिली तर अंदाजाचे महाग व विषारी औषध थांबविण्याचे धैर्य डॉक्टरला मिळते, आणि दोनदा होकार आला तर ते विनाविलंब सुरू करण्याचे. युरोपातील प्रयोगशाळांनी २००६ पासून एकत्र येऊन या चाचणीला शिस्त लावली. यंत्र कोणते आहे यापेक्षा नमुन्यातून बुरशीचे डीएनए कसे बाहेर काढले यावर सारे अवलंबून असते, हा त्यांच्या खटाटोपाचा एक मोठा निष्कर्ष. तेवढ्या श्रमानंतर २०२० च्या आंतरराष्ट्रीय व्याख्यांमध्ये ॲस्परजिलस पीसीआरला निदानाचा पुरावा म्हणून मान्यता मिळाली. कुशल तंत्रज्ञाचा हात हा त्या चाचणीचा अर्धा भाग आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण यंत्राची खरेदी करून फीत कापण्याचा आपल्या राज्यकर्त्यांना असलेला सोस सर्वश्रुत आहे आणि तंत्रज्ञाची रिकामी जागा भरण्याचा कंटाळाही.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, आणि तो आमच्याच विचारांच्या मित्रांकडून येतो. ते म्हणतात, ज्या देशात बालके कुपोषणाने मरतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाची गोळी असेलच याची शाश्वती नाही, तेथे ही रेणवीय चैन कशासाठी? ही शहरातील पंचतारांकित रुग्णालयांची मागणी आहे. समाजवाद्यांनी तिच्यामागे का लागावे? आक्षेप प्रामाणिक आहे. पण तो मान्य केला तर त्याचा अर्थ काय होतो? गरिबाने पोषणाची मागणी करावी आणि कर्करोग झाला तर अंदाजावर मरावे, असा होतो. पोषण आणि निदान यांना एकाच तुटपुंज्या अंदाजपत्रकातील प्रतिस्पर्धी म्हणून उभे करणे हा अर्थखात्याचा डाव आहे. तो आपण आपल्याच तोंडाने का खेळावा?

शिवाय चैन कशाला म्हणावे? न्यूमोसिस्टिसचे उदाहरण पाहा. लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेला याच बुरशीचा न्यूमोनिया ५ जून १९८१ च्या अमेरिकन शासकीय साप्ताहिक अहवालात नोंदविला गेला, आणि एड्स या रोगाची जगाला पहिली वार्ता मिळाली ती तेथून. त्या काळी या जीवाला बुरशी समजतही नसत. १९८८ साली त्याच्या रेणवीय मजकुराची तुलना केल्यावर तो बुरशीच्या कुळातला ठरला, म्हणजे त्याची जातही रेणवीय पद्धतीनेच कळली. तो प्रयोगशाळेत नित्याच्या रीतीने उगवत नाही, तेव्हा सूक्ष्मदर्शक आणि पीसीआर यांवरच भिस्त. आणि त्यावरचे औषध कोणते? को-ट्रायमॉक्झॅझोल. खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही मिळणारी, अगदी स्वस्त अशी गोळी. उलट महागडे अँफोटेरिसिन या बुरशीवर चालत नाही. याचा अर्थ, उपाय गरिबाच्या खिशाला परवडणारा आहे. केवळ नाव न कळल्यामुळे तो भलतीच महाग औषधे घेऊन मरतो. निदान ही चैन नव्हे. औषधावरील उधळपट्टी थांबविणारी ती काटकसर आहे.

चाचणी महाग का, याचाही इतिहास पाहण्याजोगा आहे. पीसीआरची कल्पना १९८३ साली कॅलिफोर्नियातील सेटस या कंपनीत नोकरीस असलेल्या कॅरी मलिस यांना सुचली. त्याबद्दल कंपनीने त्यांना दहा हजार डॉलरचा बोनस दिला. ती क्रिया व्यवहार्य झाली ती एका उष्णताप्रेमी जंतूच्या विकरामुळे. तो जंतू थॉमस ब्रॉक यांनी आपल्या विद्यार्थ्यासह १९६० च्या दशकात यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानातील उष्ण झऱ्यांतून, सार्वजनिक पैशाने चाललेल्या संशोधनात मिळविला आणि कोणालाही वापरता यावा म्हणून सार्वजनिक संग्रहात ठेवून दिला. त्या संग्रहातून तो कंपनीने घेतला. पुढे १९९१ साली सेटसने पीसीआरचे हक्क स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश या कंपनीला तीस कोटी डॉलरला विकले. उद्यानाला काहीच मिळाले नाही. झरे जनतेचे, संशोधन जनतेच्या पैशाचे, संग्रह जनतेसाठी, आणि एकस्व मात्र कंपनीचे! मलिस यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे त्यातल्या त्यात समाधान.

या मूळ एकस्वांची मुदत २००५-०६ पर्यंत संपली. आज कोणत्याही देशाला ही क्रिया वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाही. बुरशीचे जनुकीय मजकूर प्रसिद्ध आहेत, ते शोधण्याच्या पद्धती वैज्ञानिक नियतकालिकांतून छापल्या गेल्या आहेत. महाग आहेत ते परदेशी कंपन्यांचे तयार संच. औषधांच्या बाबतीत १९७० च्या पेटंट कायद्याने आणि १९७५ च्या हाथी समितीच्या अहवालाने या देशाने एक दृष्टी स्वीकारली होती. रोगाचे औषध देशात, सार्वजनिक क्षेत्रात, रास्त दराने तयार व्हावे, ही ती दृष्टी. निदानाच्या संचांना ती दृष्टी कधी लागूच करण्यात आली नाही. हाफकिनसारखी संस्था या राज्यात आहे. लसी व प्रतिविषे निर्माण करण्याची परंपरा असलेल्या अशा संस्थेला बुरशीच्या रेणवीय चाचणीचे संच तयार करणे अशक्य आहे, असे कोणी सांगू लागले तर आम्ही ते मानावयास तयार नाही.

आणि यंत्रे? ती तर आपल्याजवळ आहेत. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोनाची चाचणी करू शकणारी देशातील एकमेव प्रयोगशाळा पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ही होती. वर्षभरात अशा प्रयोगशाळांची संख्या दोन हजारांच्या पलीकडे गेली. चाचणीचा दर मार्च २०२० मध्ये ४,५०० रुपयांच्या मर्यादेने सुरू झाला. मार्च २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने तो प्रयोगशाळेत नमुना देणाऱ्यासाठी ५०० रुपयांवर आणला. त्याच यंत्रावर, त्याच क्रियेने होणारी चाचणी एका वर्षात नवव्या हिश्शाच्या दरात होऊ लागली. यावरून दर हा निसर्गनियम नसून राजकीय निर्णय असतो, हे सिद्ध झाले. क्षयरोग कार्यक्रमात तर रेणवीय यंत्रे तालुक्यापर्यंत पोचली आहेत, आणि त्यांपैकी ‘ट्रूनॅट’ हे यंत्र गोव्यातील कंपनीचे, म्हणजे आपल्या शेजारचे आहे. करोनासाठी घेतलेल्या यंत्रांपैकी आज किती चालू आहेत, किती कापडाखाली झाकून ठेवलेली आहेत आणि ज्या कंत्राटी तंत्रज्ञांनी साथीत ती रात्रंदिवस चालविली त्यांच्यापैकी किती जण सेवेत आहेत, हे आरोग्य खात्याने विधिमंडळात सांगावे.

क्षयाचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. क्षय बरा झाल्यावर फुफ्फुसात जी पोकळी राहते तीत ॲस्परजिलस घर करते. खोकला, वजन घटणे, थुंकीत रक्त, अशी सारी लक्षणे क्षयाचीच. रोगी पुन्हा क्षयाच्या गोळ्या घेत राहतो. अशा जुनाट विकाराचे भारतातील रुग्ण सुमारे १७ लाख असावेत, असा २०२२ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तेथे मुख्य चाचणी रेणवीय नसून रक्तातील प्रतिपिंडांची आहे. पण प्रश्न तोच. ज्याच्याकडे क्षयाचे यंत्र आहे, त्याला सगळीकडे क्षयच दिसतो.

आणखी एक धागा थेट आपल्या शेतांतून येतो. ॲस्परजिलसवरील मुख्य औषधे अझोल कुळातली. आणि पिकांवरील बुरशीसाठी फवारली जाणारी कित्येक औषधेही त्याच कुळातली. द्राक्षावरील भुरीसाठी नाशिक-सांगलीचा बागायतदार जे फवारतो, त्यांत ती आहेत. शेतात त्या औषधाला सरावलेली बुरशी माणसाच्या फुफ्फुसात शिरली, तर रुग्णालयातील औषधही तिला बाधत नाही. नेदरलँड्समध्ये असा प्रतिकार प्रथम मोठ्या प्रमाणावर ध्यानात आला. दिल्लीतील संशोधकांनी २०१२ साली तो भारतातील रुग्णांत आणि मातीतही दाखविला. हा बदल जनुकातला असल्यामुळे तो रेणवीय चाचणीने शोधता येतो. यात बागायतदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. निर्यातीच्या बाजाराने आणि औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने तो बांधलेला आहे. परंतु कृषी खाते आणि आरोग्य खाते यांनी या बाबतीत एकत्र बसून काही आखल्याचे ऐकिवात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक निदानचाचण्यांच्या यादीत ॲस्परजिलसच्या प्रतिजनाची आणि न्यूमोसिस्टिसच्या रेणवीय मजकुराची चाचणी समाविष्ट आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच संघटनेने बुरशीच्या निदानसाधनांचा स्वतंत्र आढावा प्रसिद्ध केला, आणि सध्याच्या चाचण्या सुसज्ज प्रयोगशाळा व प्रशिक्षित माणसे यांवर अवलंबून असल्याने गरीब व मध्यम देशांतील बहुसंख्य रुग्णांना त्यांचा लाभ होत नाही, असे त्यात म्हटले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनेही २०१९ साली आपली राष्ट्रीय यादी केली. यादी म्हणजे वचन. वचनाच्या पुढे खर्चाचे शीर्ष लागते.

प्रत्येक तालुक्यात बुरशीची प्रयोगशाळा काढा, असे कोणी म्हणत नाही. रक्ताचा कर्करोग आणि प्रत्यारोपण जेथे हाताळले जाते त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरुवात व्हावी. प्रत्येक महसुली विभागात एक याप्रमाणे सहा प्रयोगशाळा, त्या प्रत्येकीत कायम नेमणुकीचा बुरशीतज्ज्ञ आणि किमान दोन कायम तंत्रज्ञ, आणि करोनाच्या काळात नमुने वाहून नेण्याची जी व्यवस्था उभी राहिली होती तिचे पुनरुज्जीवन, एवढे पुरेसे आहे. धोक्याच्या रुग्णाची चाचणी आठवड्यातून दोनदा व्हावी आणि उत्तर दुसऱ्या दिवशी वॉर्डात पोचावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या चाचण्यांचा खर्च स्वतंत्र व स्पष्ट दराने मिळावा, म्हणजे रुग्णालयाला त्या टाळण्याचे निमित्त उरणार नाही. खासगी प्रयोगशाळांच्या दरावर २०२१ प्रमाणे मर्यादा घालण्यास आजही कोणती अडचण आहे, ते शासनाने सांगावे. आणि या प्रयोगशाळांनी दर सहा महिन्यांनी आपले आकडे जाहीर करावेत: किती नमुने आले, किती तासांत उत्तर गेले, किती रुग्ण उत्तर येण्याआधीच दगावले.